शार्लमेनचा सातबारा

बिडकीनच्या माणसाला जगातली कुठलीही इमारत दाखवा, तो वर बघायच्या आधी खाली बघतो. जागा केवढी, कुणाच्या नावावर, रस्ता कोणत्या अंगानं आणि भाव काय फुटला होता, हे आधी. कळसाकडं नजर जाते ती एवढं सगळं उरकल्यावर, वेळ राहिलाच तर.

गाव पूर्वी असं नव्हतं म्हणतात. संभाजीनगरहून पैठणला जाणारी एसटी थांबायची, माणसं उतरायची, चहा व्हायचा. गप्पा असायच्या कपाशीच्या, मोसंबीच्या आणि नाथसागरात किती टक्के पाणी आलं याच्या. मग दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉर आला. एकट्या बिडकीनच्या पट्ट्यात आठ हजार एकरांच्या आसपास जमीन त्यात गेली, एकरी २३ लाखांनी. ज्यांनी जन्मात हजाराच्या पुढचा हिशेब वहीत मांडला नव्हता ते चौरस फुटात बोलायला लागले. पारावर 'एनए', 'फेरफार', 'मोजणी', 'इसार पावती' याशिवाय शब्द ऐकू येईना. शाळेतली पोरंसुद्धा 'डीएमआयसी' हे नाव न अडखळता घेऊ लागली.

अशा हवेत वाढलेला एक जण जर्मनीतल्या आखेन शहरात माझ्याच हॉस्टेलात, माझ्याच मजल्यावर आला. नाव सांगत नाही, कारण ते आम्हीही विसरलो होतो. सगळे त्याला गुंठाशेठ म्हणत.

मोबदल्याच्या पैशाचं गावात काय झालं त्याच्या कहाण्या पैठण रोडवर कुठल्याही टपरीवर ऐकायला मिळतात: स्कॉर्पिओ, बंगला, शहरात प्लॉट, पोरीचं लग्न, उरलं तर पुन्हा प्लॉट. गुंठाशेठच्या अण्णांनी स्कॉर्पिओ घेतली नाही असं नव्हे, पण एक तुकडा पोराच्या शिक्षणाला ठेवला. पोरगं इंजिनीअर झालं आणि २०२२च्या ऑक्टोबरात आखेनच्या विद्यापीठात विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या शिकायला आलं. पुढं २०२४ साली टोयोटा किर्लोस्कर आणि एथर अशा कंपन्यांनी नेमक्या बिडकीनच्याच पट्ट्यात गाड्यांचे कारखाने जाहीर केले. तेव्हा अण्णांनी फोनवर एवढंच विचारलं, "मंग तू तिकडं काहून गेला? मपल्याच वावरात शिकवनार व्हते की."

जर्मन व्हिसा घेणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात भरावी लागते आणि ती महिन्या-महिन्यानं सुटते. आमच्या वेळी ही रक्कम १०,३३२ युरो होती, महिन्याला ८६१. आम्ही बाकीचे तिला साडेआठ लाखांच्या आत-बाहेर म्हणायचो. गुंठाशेठ म्हणायचा, साडेचौदा गुंठे. महिन्याचा खर्च सव्वा गुंठा. पोरगं कंजूष नव्हतं, मित्रांना चहा पाजताना हात आखडला नाही कधी. पण तीन युरोची कॉफी पिऊन कप खाली ठेवला की म्हणणार, "साडेचार चौरस फूट गेलं, भौ." आपण ज्या खुर्चीवर बसलोय तेवढी जमीन पोटात गेली हे ऐकल्यावर पुढचा घोट कडू लागायचा. मी संभाजीनगरच्या सिडकोतला. त्याच्या लेखी मी भूमिहीन होतो. "तुम्हा सिडकोवाल्यांचं तर राहतं घरबी लीजवर," असं तो मला दर भांडणात ऐकवी, आणि त्यावर कायद्यानं तरी माझ्याकडं उत्तर नव्हतं.

नव्या विद्यार्थ्यांना गाव दाखवायला म्हणून आमची वरात एका शनिवारी आखेनच्या डोमवर गेली. डोम म्हणजे तिथलं मुख्य देऊळ, कॅथेड्रल. बाहेरून तो अंगावर येत नाही. गल्लीतून वळलं की एकदम पुढ्यात उभा. मधला अष्टकोनी भाग सम्राट शार्लमेननं बांधून घेतलेला, आठव्या शतकाच्या अखेरीचा. घुमट तीस मीटरच्या वर. आल्प्सच्या उत्तरेला कित्येक शतकं एवढा उंच घुमट दुसरा नव्हता. युनेस्कोनं १९७८ साली जागतिक वारशाची पहिली यादी केली, तिच्यात सगळी मिळून बारा ठिकाणं, त्यांत हा एक. आमच्यातले सगळे माना मागं टाकून छताची सोनेरी चित्रं मोबाइलमध्ये भरत होते. गुंठाशेठ एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत टाचेला अंगठा लावत चालला होता.

"काय चाललंय तुझं?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"खांब जुळत नाहीत, भौ. एकाचा रंग दुसऱ्याला नाही. जुना माल आणून लावलाय."

मी त्याला गप्प करणार तोच आमच्यासोबतच्या वाटाड्या बाई हेच सांगू लागल्या. शार्लमेननं संगमरवर आणि खांब इटलीतून, रोम आणि राव्हेनाहून आणवले होते. पुढं १७९४ मध्ये फ्रेंच फौजेनं त्यातले बरेच उपटून पॅरिसला नेले, नेपोलियन पडल्यावर काही परत आले, काही अजून लूव्र संग्रहालयात आहेत. गुंठाशेठनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पैठणातले वाडे पडताना आणि त्यांचे सागवानी खांब कुठल्या तरी हॉटेलच्या शोभेला जाताना त्यानं पाहिले होते. उपटलेला खांब त्याला न सांगता कळायचा.

मग त्या बाईंनी अभिमानानं सांगितलं की ही वास्तू बाराशे वर्षं जुनी आहे. आमच्या गटानं ठरल्याप्रमाणे 'वॉव' म्हटलं. गुंठाशेठनं हात वर केला. शार्लमेन राजा झाला ७६८ साली, आणि त्याच काळात आमच्या वेरूळला राष्ट्रकूटांचा पहिला कृष्ण कैलास लेणं खोदून घेत होता, डोंगराच्या माथ्यापासून खाली, हे त्यानं मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. बाई खूश झाल्या. एवढ्यावर थांबला असता तर आमची मान ताठ राहिली असती. पण त्याचा खरा मुद्दा पुढंच होता. "इथं दगड आणून रचला, तिथं दगड काढून फेकला. म्हणजे इथं बांधकाम, तिथं उत्खनन. उत्खननाला रॉयल्टी वेगळी पडती." हे शेवटचं वाक्य मात्र त्याला जर्मनमध्ये सांगता येईना, म्हणून त्यानं ते मला भाषांतर करायला दिलं. मी बाईंना सांगितलं की माझ्या मित्राला देऊळ फार आवडलं.

शार्लमेननं सगळ्या युरोपात हेच गाव काहून निवडलं, हा त्याचा पुढचा प्रश्न. उत्तर होतं गरम पाण्याचे झरे. सम्राटाला पोहायचा नाद होता. "बागायत," गुंठाशेठ म्हणाला आणि वहीत लिहिलं. कार्लराव त्याच्या मनातून उतरणार नव्हते, माणूस पाणी बघून जागा घेणारा निघाला.

कार्लराव हे नाव त्याचंच. जर्मन लोक शार्लमेनला कार्लच म्हणतात, पण एवढ्या मोठ्या जमीनदाराला नुसतं कार्ल म्हणणं त्याला बरं दिसेना.

आता सैतानाची गोष्ट. आखेनचं प्रत्येक पोर ती जाणतं, आणि गुंठाशेठनं ती ऐकल्यापासून डोमचं त्याच्या घरच्यांशी नातं जुळलं. सम्राट लढाईवर गेला, बांधकामाचे पैसे संपले, कारागीर हात बांधून बसले. तेव्हा सैतान आला. म्हणाला, लागेल तेवढं सोनं देतो, बदल्यात तयार देवळात पहिला जो जीव शिरेल तो माझा. गावकऱ्यांनी होकार दिला, सोनं घेतलं, देऊळ उभं केलं. उद्घाटनाचा दिवस आला तसं सगळ्यांचं धाबं दणाणलं, कारण पहिला पाय टाकणार बिशप नाही तर खुद्द राजा. शेवटी कुणीतरी रानातून एक लांडगा धरून आणला आणि दारातून आत हाकलला. दबा धरून बसलेल्या सैतानानं झडप घातली, जीव ओढून घेतला आणि मग बघितलं तर लांडगा! संतापून त्यानं बाहेर पडताना दार असं आपटलं की त्याचा अंगठाच त्यात तुटून राहिला. ते कांस्याचं दार खरोखर शार्लमेनच्या काळात ओतलेलं आहे आणि आजही लांडग्याचं दार म्हणूनच ओळखलं जातं. दाराच्या कडीशी सिंहाचं तोंड आहे, त्यात बोट घातलं तर आत काहीतरी टोचतं. तोच अंगठा.

गुंठाशेठनं तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. बिडकीनला संध्याकाळ झालेली, अण्णा ओट्यावर, शेजारी दोघं-तिघं. गोष्ट सांगून झाली. ओट्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पलीकडून एकानं विचारलं, "करार लेखी व्हता का तोंडी?"

इतिहासाचे विद्यार्थी ही गोष्ट ऐकून मध्ययुगातल्या श्रद्धेबद्दल बोलतात. मला अजून एकानंही हा प्रश्न विचारलेला नाही.

दुसरी गोष्ट त्याहून त्यांच्या घरची निघाली. अंगठा गमावलेला सैतान सूड घ्यायला परत आला, समुद्रकिनाऱ्यावरून वाळूची पोती पाठीवर घेऊन, सगळं आखेन गाडून टाकायला. वाटेत एक म्हातारी बाजारकरीण भेटली. आखेन किती लांब, त्यानं विचारलं. तिनं त्याचे खूर ओळखले आणि पायातली झिजलेली पायताणं दाखवली. म्हणाली, तिथून निघाले तेव्हा ही कोरी होती बाबा. सैतानानं कंटाळून वाळू तिथंच टाकली. तीच आजची लूसबर्ग टेकडी, आमच्या विद्यापीठाजवळची. तिथं म्हातारी आणि सैतान दोघांचे पुतळे आहेत, आणि गुंठाशेठ नव्या पोरांना ते दाखवून सांगतो, "हा वाळूवाला. पोती भरून आणली, पावती नाही. तलाठ्याच्या जागी म्हातारी भेटली." गोदावरीच्या काठी वाढलेल्या माणसाला रात्रीची वाळू वाहणारा कोण असतो हे पुतळ्याच्या पाटीवरून वाचावं लागत नाही.

सम्राटाचं सिंहासन वरच्या मजल्यावर आहे. तिथं वाटाड्यासोबतच जाता येतं, तिकीट काढून. ९३६ मध्ये पहिल्या ओटोचा राज्याभिषेक इथं झाला, आणि पुढची सहाशे वर्षं, १५३१ पर्यंत, जर्मनीचे तिसेक राजे इथंच राजे झाले. एवढं ऐकून वर गेलं की फजिती होते. सोनं नाही, रत्न नाही, सहा पायऱ्यांवर संगमरवराच्या चार साध्या फरश्या कडीनं जोडून ठेवलेल्या. या फरश्या जेरुसलेमच्या पवित्र थडग्याच्या देवळातल्या आहेत अशी श्रद्धा, म्हणून त्यांना कुणी नक्षी केली नाही. आमच्यातली एक मुलगी हळूच म्हणाली की फोटोत काही नीट दिसणार नाही. गुंठाशेठ मात्र बाजूच्या फरशीला नाक लावून उभा.

"नवकंकरी!"

वाटाड्या दचकला. फरशीवर खरंच रेघा ओरखडलेल्या आहेत. एकात एक तीन चौकोन, मधून जोडणाऱ्या रेघा. ही फरशी सिंहासनात बसण्याआधी कुठंतरी जमिनीवर होती आणि कुणीतरी, बहुधा रोमन शिपायांनी, तिच्यावर सोंगट्या खेळल्या. जर्मनीत हा खेळ 'म्यूले' म्हणून आजही घरोघरी आहे. आपल्याकडं देवळाच्या ओवरीत, नदीच्या घाटावर हाच पट कोरलेला सापडतो. गुंठाशेठ त्याच्या आजोबांशी पैठणच्या घाटावर नऊ खड्यांनी खेळलेला. त्यानं वाटाड्याला पटाचे नियम सांगायला सुरुवात केली, वाटाड्यानं त्याला सांगितले, आणि दोघंही एकच नियम सांगत होते: तीन सोंगट्या ओळीत आल्या की समोरच्याची एक उचलायची. मागची रांग खोळंबली. सम्राटाच्या सिंहासनाबद्दल त्या दिवशी पुढं कुणालाच काही ऐकायला मिळालं नाही. मला विचाराल तर युरोपातली सगळी राज्याभिषेकाची चित्रं एका बाजूला आणि त्या रिकामटेकड्या शिपायाच्या रेघा एका बाजूला. मी रेघा घेईन.

जून २०२३ मध्ये आखेनची मोठी यात्रा भरली. सात वर्षांतून एकदा भरते, १३४९ पासून. २०२१ची करोनामुळं दोन वर्षं पुढं गेली होती. डोममध्ये सोन्याचा मुलामा दिलेली एक पेटी आहे, तीत चार वस्त्रं ठेवलेली: मेरीचा झगा, बाळ येशूचं बाळोतं, क्रुसावरच्या येशूचं कटिवस्त्र आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शिर ज्यात गुंडाळलं ते कापड. यात्रेला ती बाहेर काढतात. पण पेटीचं कुलूप किल्लीनं उघडत नाहीत. मोठ्या समारंभानं, मंडळींच्या साक्षीनं, सोनार हातोड्यानं ते फोडतो. कारण पेटीवर हक्क दोघांचा, देवळाचा आणि नगरपालिकेचाही, मध्ययुगापासून. यात्रा झाली की नवं कुलूप.

बाकीच्यांना ही प्रथा चमत्कारिक वाटली. गुंठाशेठला तिच्यात अनोखं काही दिसेना. "सामाईक आहे. दोघा भावांत सातबारा फुटला नाही की असंच करावं लागतं. आमच्या चुलत्याच्या विहिरीच्या मोटारीच्या खोलीला दोन कुलपं हायेत." मग थोडं थांबून म्हणाला, "इथं बरंय. इथं सात वर्षांनी फोडतात. आमच्याकडं दर उन्हाळ्यात."

यात्रेत दिवसभर तो गर्दीत हिंडला. माय फोनवर विचारत होती, दिंड्या किती आल्या, जेवणाची सोय काय, पाणी कुणी वाटतं. पैठणला नाथषष्ठीला नाथांच्या वाड्यातला रांजण तुकाराम बीजेपासून भरायला लागतात, श्रीखंड्याच्या रूपात देव पाणी भरत होता म्हणून. त्या माउलीची समज अशी की जिथं यात्रा तिथं पाण्याची काळजी आधी. गुंठाशेठनं बघून सांगितलं, पाण्याचे नळ ठिकठिकाणी लावलेत. "मंग मोठं देवस्थान हाये," माय म्हणाली.

कोलोन मात्र त्याच्या डोक्यात गेलं.

आखेनहून सत्तरेक किलोमीटर, विद्यार्थ्यांच्या सेमिस्टर तिकिटात रेल्वे फुकट. स्टेशनातून बाहेर पाय टाकला की समोर डोम, काळाकभिन्न, १५७ मीटर उंच दोन शिखरांचा. १८८० मध्ये पुरा झाला तेव्हा जगातली सगळ्यात उंच वास्तू, आणि चार वर्षं तो मान त्याच्याकडंच होता. दुसऱ्या महायुद्धात चौदा बॉम्ब पडले, आजूबाजूचं शहर जमीनदोस्त झालं, हा उभा. आम्ही सगळे स्टेशनच्या दारातच थबकलो. गुंठाशेठ मोबाइलवर काहीतरी शोधत होता. मग म्हणाला, "७,९१४ चौरस मीटर. म्हणजे अठ्ठ्याहत्तर गुंठे. एक एकर अडतीस." बोटं हलली. "डीएमआयसीच्या भावानं पंचेचाळीस लाख. एवढंच?"

हे ऐकून माझ्यातला सुसंस्कृत माणूस हळहळला. जगातल्या महान गॉथिक वास्तूची किंमत बिडकीनच्या दोन एकरांहून कमी! पण तो हळहळत नव्हता, हरखला होता. "बघ ना भौ, एवढ्याशा जागेत केवढं उभं केलं. आमच्याकडं अठ्ठ्याहत्तर गुंठ्यात माणूस निस्ता पत्र्याचा गोडाऊन टाकतो."

कागदावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्षातलं यात फरक असतो, हे बिडकीनच्या माणसाला शिकवावं लागत नाही. त्यानं आत शिरून पावलं टाकायला सुरुवात केली. कोलोनच्या डोममध्ये लाल झगे घातलेले पहारेकरी असतात. त्यातल्या एकानं आधी नजरेनं, मग खुणेनं, मग जवळ येऊन विचारलं की हे काय चाललंय. गुंठाशेठनं खरं ते सांगितलं: मोजणी. पहारेकऱ्यानं त्याला नम्रपणे बाकावर बसवलं. "सरकारी मोजणीला बी असंच करतात," बाकावर बसून तो मला म्हणाला, "कब्जेदार आडवा येतो."

बसल्या जागी त्यानं माहितीपत्रक वाचून काढलं आणि मग त्याला हसू आवरेना. पायाचा दगड बसला १२४८ साली, तारीख १५ ऑगस्ट. सोळाव्या शतकात काम बंद पडलं, अर्धवट मनोऱ्यावर दगड चढवायची लाकडी क्रेन तशीच राहिली, आणि ती क्रेन पुढं तीनशे वर्षं कोलोनची ओळख होऊन बसली. चित्रकार शहर काढायचे ते क्रेनसकट. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झालं, १८८० मध्ये संपलं. सगळी मिळून ६३२ वर्षं. त्यानं तिथूनच अण्णांना फोन लावला. पैठण रोडच्या चौपदरीकरणाच्या घोषणा ऐकून ऐकून अण्णांचे केस पांढरे झाले होते. ६३२ हा आकडा ऐकून त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "म्हंजे आपलं काई लई लेट नाई चाललं."

कोलोनकर असंही म्हणतात की डोमचं काम ज्या दिवशी खरंच संपेल त्या दिवशी जग बुडेल, आणि म्हणूनच तिथं कुठं ना कुठं परांची बांधलेली असतेच. त्या दिवशीही होती. "ठेकेदारानंच उठवली असल ही गोष्ट," गुंठाशेठ म्हणाला. मी मध्ययुगीन लोकसमजुतींवर बरंच वाचलंय, आणि याहून चांगलं स्पष्टीकरण कुठं वाचल्याचं आठवत नाही.

समोरच्या माहिती केंद्रात त्यानं शेवटी तो प्रश्न विचारलाच, ज्यासाठी तो सकाळपासून तळमळत होता: ही जमीन कुणाच्या नावावर? काउंटरवरचा तरुण हसला. हा प्रश्न त्याला नवा नव्हता आणि उत्तर कोलोनकरांच्या आवडीचं होतं. डोम पोपचा नाही, सरकारचा नाही, शहराचा नाही. जमिनीच्या नोंदवहीत मालक म्हणून डोमचंच नाव आहे. डोम स्वतःचा स्वतः मालक.

आम्हाला गंमत वाटली. गुंठाशेठच्या चेहऱ्यावर मात्र परक्या मुलखात सोयरा भेटावा असा आनंद पसरला. "देवस्थान इनाम! वर्ग तीन! देव मालक, विकता येत नाही." निजामाच्या राज्यातून मराठवाड्याला मिळालेल्या वारशात देवळा-दर्ग्यांच्या अशा जमिनी गावोगाव आहेत, सेवेकऱ्यांच्या खिदमतमाश जमिनी आहेत, आणि त्यांवरचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. त्यानं त्या तरुणाला विचारलं, कूळ कोण लागलंय? तरुणाला प्रश्न कळेना. कुणी कसतं का, कब्जा कुणाचा, पीकपाणी कुणाच्या नावे? दोघंही इंग्रजीतच बोलत होते, पण मध्ये सगळं महसूल खातं आडवं पडलं होतं. शेवटी तरुणानं त्याला डोमच्या कारागिरांच्या दगडकाम शाळेचं पत्रक देऊन वाटेला लावलं.

मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या तो माझ्याआधी चढला. वर जाळीतून ऱ्हाईन नदी, पूल, रूळ, सगळं शहर दिसत होतं. मला वाटलं, आता तरी. तो बराच वेळ बघत होता. मग बोट दाखवून म्हणाला, "नदीच्या पलीकडं मोकळी जागा लई हाये. कुणीतरी धरून ठेवली असणार."

२०२४च्या उन्हाळ्यात अण्णा आणि माय आखेनला आले. अण्णांच्या डोक्यावर पांढरी टोपी, मायच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि नाथांचा अंगारा. विमानतळावरून येतानाच अण्णांनी बांध नसलेली शेतं बघून काळजी व्यक्त केली. मायला डोममध्ये मेणबत्ती लावायची होती, तिनं ती लावली, हात जोडले आणि बाहेर आल्यावर तीर्थ कुठं मिळतं ते विचारलं. आम्ही तिला एलिझेनब्रुनेन या जुन्या कारंज्याशी नेलं, जिथं शार्लमेनचं तेच गरम पाणी नळातून येतं, गंधकाचा भपकारा मारत. पिण्यासाठी नाही अशी पाटी आहे. मायनं वास घेतला, म्हणाली, "हे तर आपल्या उनकेश्वरावानी," आणि पाटीकडं ढुंकूनही न बघता बाटली भरली. ती बाटली पुढं बिडकीनला गेली आणि शेजारणींच्या गुडघ्यांना लागली. गुण आल्याचं ऐकतो.

अण्णांना मात्र एकच गोष्ट बघायची होती. लांडग्याच्या दाराशी ते बराच वेळ उभे राहिले. मग टोपी नीट केली, सिंहाच्या तोंडात बोट घातलं, आत चाचपलं. आजूबाजूला दोन-चार जपानी प्रवासी आपली पाळी यायची वाट बघत होते.

"हाये," अण्णा म्हणाले. "अंगठा हाये."

"गोष्ट आहे हो अण्णा ती," मी म्हणालो.

"गोष्ट असू द्या. पन न्यायाचं बोला." अण्णा तिथंच दारासमोर माझ्याकडं वळले, आणि आवाज मोबदल्याच्या बैठकीतला लागला. "मान्सानं पैसा दिला का नाई? दिला. वेळेवर दिला का नाई? दिला. त्या पैशातून काम झालं का नाई? हे काय उभं हाये समोर. आन मोबदला द्यायची वेळ आली तव्हा याईनं काय दिलं? लांडगा! आता सांगा, फसवलं कुनी?"

"पण तो सैतान होता."

"आसंल ना. सैतान झाला म्हून त्याचा पैसा खोटा व्हतो का? वर त्याचा अंगठा दारातच. म्हंजे त्याच्या बाजूनं कागद पक्का. गावकऱ्यायची सही कुठंय दाखवा."

मला दाखवता आली नाही.

"त्यानं दार आपटून जायला नको व्हतं," अण्णा पोराकडं वळून म्हणाले. "तिथंच चुकला. रागात निघून गेला, आन केस ढिली पडली. वाढीव मोबदल्याचा दावा लावायचा, वकील द्यायचा, आन गप बसायचं. काय साल व्हतं म्हनला?"

"आठशेच्या सुमाराचं."

"मंग आजपस्तोर व्याज किती झालं?"

गुंठाशेठनं खिशातून मोबाइल काढला, कॅल्क्युलेटर उघडला आणि दाराला टेकून उभा राहिला.

"अण्णा, सरळव्याज धरू का चक्रवाढ?"